पोकरचे शिक्षणग्रंथ : स्वरूप आणि मर्यादा

१

ग्रंथावरून विद्या संपादन करता येते काय, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तर विद्येपरत्वे निराळे द्यावे लागते. व्याकरण ग्रंथावरून शिकता येते, पोहणे शिकता येत नाही, एवढे सर्वमान्य आहे. या दोन टोकांच्या मध्ये ज्या विद्या पडतात त्यांत पत्त्यांच्या खेळांचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. आणि त्यांतही अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वाढीस लागलेल्या पोकर या खेळाचे अधिकच. या खेळावर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत विपुल लेखन झाले. त्यांपैकी काही थोडे ग्रंथ खेळणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी गुरुस्थानी मानले, आणि आजही नवशिक्याच्या हाती प्रथम तेच दिले जातात. हे ग्रंथ नेमके काय शिकवितात, आणि जे शिकवितो असे म्हणतात ते त्यांना शिकविता येते काय, याची चिकित्सा मात्र खेळणाऱ्यांनी फारशी केलेली नाही; कारण त्यांना पैशाची घाई असते. वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही ती केलेली नाही. कारण त्यांना विषयाची लाज वाटते. ही लाज अकारण आहे. ऋग्वेदातील अक्षसूक्ताच्या कर्त्याला फाशांचा विषय वर्ज्य वाटला नाही, आणि विसाव्या शतकातील एका थोर गणितज्ञाला पोकर हा अर्थशास्त्राच्या पायाभरणीसाठी उपयुक्त वाटला. त्या गणितज्ञाचा विचार पुढे येईलच.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे. प्रत्येक खेळाडूजवळ काही पत्ते असतात, ते सर्व किंवा त्यांतील काही इतरांपासून झाकलेले असतात. टप्प्याटप्प्याने पैसे लावले जातात. समोरच्याने लावलेल्या रकमेची बरोबरी करावी, तिच्यावर वाढ करावी, अथवा पत्ते टाकून डावातून निघावे, असे तीनच मार्ग असतात. मध्यभागी साचलेली रकम, जिला पॉट म्हणतात, ती दोन प्रकारे मिळते : अखेरीस पत्ते उघडल्यावर आपले सर्वांत वरचढ ठरले तर, किंवा त्याआधीच बाकीच्या सर्वांनी पत्ते टाकले तर. या दुसऱ्या प्रकारातून हूल जन्मास येते. हातात काही नसताना भरपूर असल्यासारखे पैसे लावणे, हा या खेळातील लबाडीचा भाग नव्हे. तो खेळाचा गाभा होय.

या रचनेचा शिक्षणाच्या दृष्टीने एक विलक्षण परिणाम होतो. बुद्धिबळात चुकीची खेळी केल्यास बरोबरीचा प्रतिपक्षी ती दाखवून देतो, आणि अनुभव हा गुरू होऊ शकतो. पोकरमध्ये अनुभव हा खोटे बोलणारा गुरू आहे. आज सर्वाधिक प्रचलित असलेल्या होल्डेम या प्रकारात हाती दोन एक्के येणे याहून चांगला आरंभ नाही. परंतु दोन राजे घेऊन बसलेल्याशी अखेरपर्यंत लढल्यास दोन एक्केवाला शंभरात सुमारे अठरा वेळा हरतोच. मूर्खपणाने राजांवर सर्वस्व लावणारास जगाने अठरा वेळा शाबासकी द्यावी, आणि शहाण्यास अठरा वेळा थोबाडीत मारावी, अशी ही शाळा आहे. केवळ खेळून खेळून हजारो डावांनंतरही आपण कोठे चुकतो हे न समजणारे खेळाडू असतात, ते याचमुळे. यास्तव ग्रंथाची गरज येथे बुद्धिबळापेक्षा कमी नसून अधिक आहे. परंतु ग्रंथाने शिकवावयाचे ते अशा विषयाचे, की ज्यात समोरचा माणूसही वाचता येणारा आहे. या पेचाला निरनिराळ्या ग्रंथकारांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. येथे तीन ग्रंथांचा मुख्यतः विचार करावयाचा आहे : हर्बर्ट यार्डली यांचा ‘द एज्युकेशन ऑफ अ पोकर प्लेअर’ (१९५७), डॉइल ब्रन्सन यांचा ‘सुपर सिस्टिम’ (१९७८) आणि डेव्हिड स्क्लान्स्की यांचा ‘द थिअरी ऑफ पोकर’ (१९८७).

२

यार्डली हा गृहस्थ पत्त्यांपेक्षा गुप्त लिपींसाठी अधिक प्रसिद्ध होता. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेने परराष्ट्रांचे सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी जे गुप्त कार्यालय चालविले त्याचा तो प्रमुख होता. वॉशिंग्टन येथील १९२१-२२ च्या नाविक परिषदेच्या वेळी जपानचे संदेश त्याच्या कार्यालयाने वाचले. १९२९ साली ते कार्यालय बंद झाले, आणि १९३१ साली त्याने त्याची सारी हकीकत छापून टाकली. पुढे चीनमध्ये च्यांग कै-शेक यांच्या सरकारसाठी चुंगकिंग येथेही त्याने हेच काम केले. पोकरवरील ग्रंथ हे त्याचे आयुष्याच्या अखेरीचे पुस्तक. ते प्रसिद्ध झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९५८ साली, तो वारला. ज्याने दुसऱ्यांची गुपिते वाचण्यावर पोट भरले आणि स्वतःच्या सरकारची गुपिते छापून विकली, त्याने पत्त्यांचीही गुपिते अखेर विकावी यात एक प्रकारची सुसंगती आहे.

ग्रंथाचा घाट मात्र नियमपुस्तकाचा नाही. इंडियाना राज्यातील एका लहानशा गावात एक पोरका होत चाललेला मुलगा, त्या गावातील एक गुत्ता, त्या गुत्त्याचा मॉन्टी नावाचा मालक, आणि त्या मालकाने मुलाला दिलेली शिकवण, अशी ही कथा आहे. कथेच्या ओघात डावांची उदाहरणे येतात आणि प्रत्येक प्रकारासाठी केव्हा राहावे व केव्हा पत्ते टाकावेत याचे नियम येतात. गुत्त्यातील माणसे मोठ्या खुबीने रंगविली आहेत. जोड्यांचे नमुने घेऊन फिरणारा एक विक्रेता पेट्यांच्या पेट्या हरतो आणि मागाहून कळते की सारे जोडे डाव्याच पायाचे आहेत. एक शेतकरी उरलेली जमीन एका फिरत्या तंबूच्या खेळाविरुद्ध लावतो आणि जिंकणारे पत्ते हातात धरूनच प्राण सोडतो. ब्रिटिश आवृत्तीस इयान फ्लेमिंग यांनी प्रास्ताविक लिहिले, आणि कवी-समीक्षक आल्व्हारेझ यांनी या पुस्तकाचे आपल्यावरील ऋण मानले. हे दोघेही लेखक आहेत, व्यवसायाने जुगारी नव्हेत, ही गोष्ट पुस्तकाच्या खऱ्या गुणाकडे बोट दाखविते.

कारण नियम म्हणून पाहू गेल्यास यार्डलीची शिकवण एका वाक्यात मावते : आपले पत्ते समोर दिसणाऱ्या पत्त्यांपेक्षा सरस नसतील तर पैसे न घालता बाजूला व्हावे. उघड्या पत्त्यांच्या स्टड या प्रकारात हा नियम सरळच लागू पडतो. इतर प्रकारांसाठी त्याने त्याची रूपांतरे करून दिली आहेत. ही शिकवण खोटी नाही. मॉन्टीच्या गुत्त्यातील मंडळी कंटाळा येतो म्हणून, आशा वाटते म्हणून, अथवा शेजाऱ्याने घातले म्हणून पैसे घालीत असत. अशा मंडळींत नुसता थांबून राहणारा मनुष्य जिंकणारच. परंतु टेबलाभोवतीची सहाही माणसे यार्डली वाचून बसली तर काय होईल? सारेच थांबतील, आणि जो प्रथम हूल देईल तो सर्वांचे पैसे नेईल. म्हणजे या ग्रंथातील ज्ञान हे इतरांच्या अज्ञानावर बेतलेले आहे. तथापि यार्डलीला याची जाणीव नव्हती असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याला शिकवावयाचे होते ते नियम नव्हतेच. भूक लागली असता अन्न समोर येऊनही हात आवरणे, तासन् तास काही न करणे, आणि आपण काही करीत नाही हे इतरांच्या ध्यानी येऊ न देणे, ही जी वृत्ती आहे ती नियमाने सांगून उपयोग नसतो. तिच्यासाठी माणूस दाखवावा लागतो. यार्डलीने मॉन्टी दाखविला. शिक्षणग्रंथ म्हणून जे स्तुतिपाठ या पुस्तकावर झाले ते अतिशयोक्त आहेत. शिक्षणाची कथा म्हणून त्याला मिळावी तितकी दाद मिळालेली नाही.

येथे नलोपाख्यानाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. बाहुकाच्या वेषातील नल राजा ऋतुपर्णाचा रथ हाकीत असता ऋतुपर्ण वाटेतील बेहड्याच्या झाडाची पाने व फळे एका दृष्टिक्षेपात मोजून सांगतो. नलाचा विश्वास बसत नाही, तो रथ थांबवून स्वतः मोजून पाहतो, आणि संख्या बरोबर निघाल्यावर अश्वविद्येच्या मोबदल्यात अक्षहृदय मागून घेतो. पुढे पुष्कराशी पुन्हा खेळून तो राज्य परत मिळवितो. द्यूत ही संख्येची विद्या आहे, ती एकाकडून दुसऱ्याकडे देता येते, आणि घेणाराने ती पडताळून घ्यावी, या तीनही गोष्टी त्या कथेत आहेत. पण कथेत आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की पुष्कराला अक्षहृदय मिळत नाही. छापखान्याच्या युगात मात्र नलाने जे पुस्तक सकाळी विकत घेतले तेच पुष्कर संध्याकाळी घेतो. पोकरच्या शिक्षणग्रंथांचा सारा इतिहास या एका अडचणीचा इतिहास आहे, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

३

डॉइल ब्रन्सन यांच्या ग्रंथाइतके या अडचणीचे बोलके उदाहरण दुसरे नाही. टेक्सासमधील गावोगाव चालणाऱ्या बेकायदा खेळांत ब्रन्सन यांचे शिक्षण झाले. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेतील मुख्य सामना जिंकला; दोन्ही वेळी अखेरच्या डावात त्यांच्या हाती दश्शी आणि दुर्री हे सामान्य पत्ते होते. १९७८ साली त्यांनी स्वखर्चाने एक भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याची किंमत शंभर डॉलर ठेवली. आपण पोकर खेळून दहा लाख डॉलरांवर कसे मिळविले, या अर्थाचे त्याचे मूळ नाव होते. ‘सुपर सिस्टिम’ हे नाव पुढे रूढ झाले. एकेका प्रकारावरील प्रकरण त्या त्या प्रकारातील जाणत्याकडून त्यांनी तयार करवून घेतले : स्टडवर चिप रीझ, मर्यादित बोलीच्या होल्डेमवर बॉबी बाल्डविन, ड्रॉ पोकरवर माइक कॅरो इत्यादी. अमर्याद बोलीच्या होल्डेमवरील प्रकरण स्वतः ब्रन्सन यांचे, आणि ग्रंथाची कीर्ती त्याच प्रकरणावर उभी आहे.

यार्डलीची आणि ब्रन्सन यांची शिकवण शेजारी ठेवली तर ती दोन निराळ्या खेळांची वाटावी. यार्डली सांगतो, थांबा. ब्रन्सन सांगतात, पुढे व्हा. समोरचा पैसे लावील आणि आपण ठरवू, अशी स्थिती स्वीकारूच नये. आपण लावावे आणि त्याला ठरवावयास भाग पाडावे. यामागील तर्क असा. लहानसहान पॉट कोणालाच प्राणप्रिय नसतात. त्यांवर सतत हल्ला केल्यास ते पुष्कळदा विनासायास मिळतात. त्यांतून जमलेली पुंजी हाताशी असली म्हणजे मोठ्या डावात अनिश्चित पत्त्यांवरही सर्वस्व लावता येते; कारण समोरच्याने पत्ते टाकले तर पॉट मिळतो, न टाकले तरी हवा तो पत्ता येऊन डाव जिंकण्याची काही आशा उरतेच. दोन दरवाजे उघडे ठेवून आत शिरणे, हे त्या पद्धतीचे मर्म होय. हे सारे ब्रन्सन शास्त्रकाराच्या अलिप्ततेने मांडीत नाहीत. टेक्सासच्या बोलीत, आपल्या जय-पराजयांच्या आठवणी सांगत, कधी बढाई मारीत मांडतात. ती बढाई क्षम्य आहे. वाचकाला पैसे लावण्याचे धैर्य यावे यासाठी लेखकाचा आवाजच धैर्याचा असावा लागतो, आणि या ग्रंथातील प्रत्येक पानावर तो तसा आहे.

परंतु जे पुढे घडले ते ग्रंथकाराला अपेक्षित नव्हते. ग्रंथ वाचून तयार झालेले प्रतिपक्षी त्यांच्याच समोर येऊन बसू लागले. हा ग्रंथ लिहून आपण आपलेच नुकसान करून घेतले, असे ब्रन्सन यांनी पुढे बोलूनही दाखविले. २०२३ साली त्यांचे निधन झाले तोवर त्यांच्या पद्धतीचा प्रत्येक अंश सर्वसामान्यांच्या हाती जाऊन पडला होता. २००३ साली मुख्य सामन्यात ८३९ खेळाडू होते, २००६ साली त्यांची संख्या ८,७७३ झाली. या लोंढ्यातील बहुतेकांच्या पोतडीत कोणते ना कोणते पुस्तक होते. समोरचा माणूस लहान पॉट सहज सोडून देतो, हे ब्रन्सन यांचे गृहीत जेथे उरले नाही तेथे त्यांची पद्धत महागात पडू लागली. यशस्वी शिक्षणग्रंथाने स्वतःचाच विषय खाऊन टाकावा, अशी ही घटना आहे.

या ग्रंथातील माइक कॅरो यांच्या प्रकरणाचे भाग्य निराळ्या तऱ्हेने फिरले, आणि ते नमूद करण्याजोगे आहे. ड्रॉ पोकरचे इतके बारकाईने केलेले विवेचन पूर्वी झाले नव्हते. कॅलिफोर्नियातील पत्त्यांच्या क्लबांत तो प्रकार खेळला जाई, कारण कायद्याने तेथे इतर प्रकारांना वाव नव्हता. १९८७ साली न्यायालयाच्या निर्णयाने तेथे होल्डेमला वाट मोकळी झाली आणि ड्रॉ पोकर पाहता पाहता मागे पडले. म्हणजे ब्रन्सन यांचे प्रकरण वाचकांनी झिजविले, आणि कॅरो यांचे प्रकरण न झिजताच निरुपयोगी झाले. कॅरो यांचे नाव पुढे खेळाडूंच्या हावभावांवरील १९८४ च्या सचित्र पुस्तकामुळे अधिक झाले. दुबळा मनुष्य बळाचा आव आणतो आणि बलवान दुबळेपणाचा, हे त्याचे सूत्र. ते नवशिक्यांबाबत खरे असले तरी, चित्रे पाहून हावभाव लपविण्यास शिकलेल्या माणसापुढे त्याची गत यार्डलीच्या नियमांसारखीच होते. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

४

स्क्लान्स्की यांच्या ग्रंथात प्रथमच शास्त्राची भाषा ऐकू येते. येथे गुत्ता नाही, टेक्सास नाही, आठवणी जवळजवळ नाहीत. एकेका संकल्पनेची व्याख्या करावी, तिचे उदाहरण द्यावे, तिचे अपवाद सांगावेत, अशी ग्रंथाची चाल आहे. अनिश्चित पत्त्यांवरील जो हल्ला ब्रन्सन यांनी अंगच्या धडाडीने केला त्याला ‘अर्धी हूल’ या अर्थाचे नाव स्क्लान्स्की यांनी दिले, आणि नाव मिळताच ती गोष्ट शिकविण्याजोगी झाली. पारिभाषिक शब्द निर्माण करणे हे शास्त्रकाराचे पहिले काम; या एका कामासाठीही हा ग्रंथ टिकेल.

त्याचे बळ कोठे आहे हे एका हिशेबावरून दिसेल. खेळाडूजवळ एकाच रंगाचे चार पत्ते आहेत, पाचवा आल्यास त्याचा फ्लश होतो. त्याने पाच पत्ते पाहिले आहेत. न पाहिलेल्या ४७ पत्त्यांपैकी ९ त्याला हवे आहेत. (जुन्या ड्रॉ पोकरमध्येही हाच आकडा येतो, खेळ बदलला तरी ही संख्या बदलली नाही.) पॉटमध्ये ३० डॉलर असता समोरच्याने १० लावले, आता १० घालून ४० मिळवावयाचे आहेत. पुढचा एकच पत्ता हिशेबात धरावयाचा आणि फ्लश झाल्यास डाव आपलाच, असे मानू. ४७ वेळा असे केल्यास ९ वेळा ४० याप्रमाणे ३६० मिळतात, ३८ वेळा १० याप्रमाणे ३८० जातात. म्हणजे पत्ते टाकणे बरे. परंतु फ्लश झाल्यावर समोरचा आणखी १० देईल अशी खात्री असेल तर ९ वेळा ५० म्हणजे ४५० मिळतात, आणि तोट्याच्या जागी ७० चा फायदा होतो. पुढे मिळू शकणाऱ्या रकमेचा असा विचार आधी कोणी केलाच नव्हता असे नाही. पण तो कागदावर, वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल असा मांडण्याचे श्रेय स्क्लान्स्की यांचे मोठे आहे. ऋतुपर्णाची पाने मोजून पाहण्याचीच ही रीत होय. आणि हा भाग प्रतिपक्ष्याने वाचला तरी खोटा ठरत नाही. ९ आणि ४७ या संख्या दोघांनाही सारख्याच आहेत.

परंतु ग्रंथकाराचा स्वतःचा अभिमान या हिशेबांवर नसून ‘पोकरचा मूलभूत सिद्धांत’ म्हणून त्यांनी जो मांडला त्यावर आहे. त्याचा आशय असा की प्रतिपक्ष्याचे पत्ते दिसत असते तर जे केले असते त्याहून निराळे काही खेळाडूने केले की प्रतिपक्ष्याचा लाभ होतो, आणि प्रतिपक्ष्याने तसे केले की खेळाडूचा. या सिद्धांताचा गौरव इतका झाला आहे की त्याची तपासणी करणे प्राप्त आहे. प्रथम, दोघांहून अधिक खेळाडू डावात असल्यास तो सदैव खरा नसतो. तिघांच्या डावात एकाने बिनचूक निर्णय घेऊन पत्ते टाकल्यानेही दुसऱ्याचा लाभ होऊ शकतो, हे पुढे मॉर्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांताने दाखवून दिले. परंतु याहून मोठा आक्षेप निराळा आहे. सिद्धांत सांगतो तो तोट्याचा ताळेबंद, आचरणाची दिशा नव्हे. पत्ते दिसत नाहीत हीच तर खेळाची अट. दिसत असते तर काय केले असते हे सांगितल्याने, दिसत नसताना काय करावे हे कळत नाही. शिवाय तो एका डावाकडे, एका हाताच्या पत्त्यांकडे पाहतो. आणि ज्या पत्त्यांनी खेळाडू एका विशिष्ट रीतीने वागू शकला असता त्या सर्व पत्त्यांचा समूह हा खेळाचा खरा घटक आहे, ही दृष्टी त्यात नाही. मजेची गोष्ट अशी की त्याच ग्रंथात एक लहानसे प्रकरण या सिद्धांताच्या पलीकडे जाते, आणि गौरव सिद्धांताचा होतो.

ते प्रकरण हूल किती वेळा द्यावी याविषयी आहे, आणि त्याची मुळे जॉन फॉन नॉयमन यांच्या १९२८ च्या निबंधात आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या १९४४ च्या खेळ-सिद्धांतावरील ग्रंथात आहेत. फॉन नॉयमन यांनी पोकरचे अतिशय सोपे रूप घेऊन त्याचे गणित केले. उत्तर सर्वसामान्य समजुतीला धक्का देणारे निघाले : उत्तम पत्त्यांवर मोठी रक्कम लावावी, मध्यम पत्त्यांवर लावू नये, आणि सर्वांत वाईट पत्त्यांवर ठरावीक प्रमाणात पुन्हा लावावी. हूल ही धाडसी माणसाची लहर नसून खेळाच्या रचनेतूनच निघणारी गरज आहे, आणि ती निकृष्ट पत्त्यांनीच द्यावयाची असते. प्रमाणही काढता येते. पॉट १०० आणि लावलेली रक्कम १०० असेल तर बरोबरी करणारा १०० घालून २०० मिळविण्याची आशा करतो. तीन वेळांपैकी दोनदा खरे पत्ते आणि एकदा हूल असे प्रमाण ठेवल्यास त्याने काहीही केले तरी त्याला फायदा नाही. पण माणसाला असे प्रमाण मनाने पाळता येत नाही. तो घाबरला की कमी हूल देतो, हरला की जास्त. म्हणून स्क्लान्स्की सुचवितात की पत्त्यांनाच ठरवू द्यावे. फ्लशचे ९ पत्ते खरे, आणि त्यांखेरीज आधीच मनाशी ठरविलेले चार किंवा पाच पत्ते आल्यास हूल. खेळाडूला स्वतःलाच आधी माहीत नाही, मग त्याच्या चेहऱ्यावरून समोरच्याने काय वाचावे?

यार्डलीपासून चालत आलेल्या पेचाचे खरे उत्तर येथे आहे. अशी समतोल पद्धत प्रतिपक्ष्याला ठाऊक असली तरी तिचे मोल घटत नाही. किंबहुना ‘ठाऊक असली तरी’ ही तिची व्याख्याच आहे. पुष्कराने पुस्तक विकत घेतले तरी नलाचे काही जात नाही, अशी ही एकच विद्या. मग असा संपूर्ण ग्रंथ का लिहिला जात नाही? तो लिहिला गेला आहे, पण माणसाने नव्हे. २०१५ साली कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी मर्यादित बोलीच्या दोघांमधील होल्डेमचे उत्तर व्यवहारतः पूर्णपणे काढल्याचे जाहीर केले. ते संगणकात साठविण्यास संक्षिप्त रूपातही सुमारे ११ टेराबाइट जागा लागते. म्हणजे जो ग्रंथ प्रसिद्ध करूनही खोटा ठरत नाही तो कोणाला वाचता येत नाही, आणि जे ग्रंथ वाचता येतात त्यांतील पुष्कळसा भाग वाचला गेल्यानेच निकामी होतो. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या यंत्राने पिट्सबर्ग येथे वीस दिवसांत १,२०,००० डावांमध्ये चार निष्णात व्यावसायिकांना हरविले. ते यंत्र कोणतेही पुस्तक वाचून शिकलेले नव्हते. स्वतःशीच खेळून शिकलेले होते. खोटे बोलणारा अनुभव-गुरू यंत्राला मात्र खरे सांगतो, कारण त्याला ऐकण्यास यंत्र असंख्य डाव बसू शकते.

या निष्कर्षांनी जुने ग्रंथ रद्द झाले, असा एक सूर अलीकडे तरुण खेळाडूंत ऐकू येतो. तो उतावीळपणाचा आहे. सहा जणांच्या खेळात व्यावसायिकांवर मात करणाऱ्या प्लुरिबस या यंत्राविषयी २०१९ साली जो निबंध प्रसिद्ध झाला त्यातील दोन निरीक्षणे या संदर्भात पाहण्याजोगी आहेत. आरंभी वाढ न करता नुसती बरोबरी करून डावात शिरणे हे, एका विशिष्ट जागेवरील खेळाडूचा अपवाद सोडता, तोट्याचे असते, ही ग्रंथांची व जाणत्यांची जुनी शिकवण यंत्राने स्वतंत्रपणे खरी ठरविली. उलट, मागील फेरीत केवळ बरोबरी करणाऱ्याने पुढील फेरीचा आरंभ स्वतः पैसे लावून करणे, जे अडाण्याचे लक्षण मानले जाई आणि ज्याची खिल्ली उडविली जाई, ते यंत्र माणसांपेक्षा बरेच अधिक वेळा करते असे आढळले. ज्या खेळीला ग्रंथांनी आणि जाणत्यांनी हसून बाजूस सारले तिच्यात तथ्य आहे हे शोधण्यासाठी ती खेळी खेळणाऱ्या अडाण्यांकडे कोणी गंभीरपणे पाहिले नव्हते; पाहिले असते तरी, त्यांच्या जिंकण्या-हरण्यावरून काही सिद्ध झाले नसते. मॉन्टीच्या गुत्त्यातही असे काही जण बसत असतील. यार्डलीने त्यांचे डाव उतरून ठेवले आहेत ते त्यांच्या चुका दाखविण्यासाठी, आणि ती पाने आता त्या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहेत.